व्हीपीएन घेताय? पैसे भरण्याआधी या चुका टाळा

बडोद्यातल्या मराठी घरांत व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणाऱ्या सेवेची, चौकशी साधारण तीन कारणांनी होते. मुलगा दुबईला आहे आणि त्याला व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही. लेक कॅनडात आहे आणि इथल्या मालिका तिला तिथे दिसत नाहीत. किंवा ओळखीतल्या कुणाच्या तरी खात्यातून पैसे गेलेले असतात आणि घाबरून 'आपणही काहीतरी सुरक्षित टाकून घेऊ' असं ठरतं. तिन्ही गरजा निराळ्या आहेत. पहिलीत कायद्याचा प्रश्न आहे, दुसरीत सर्व्हर नेमका कुठे आहे याचा, आणि तिसरीत व्हीपीएनचा फारसा उपयोगच नाही. तरी पुढची पायरी सगळीकडे सारखीच: प्ले स्टोअरमध्ये 'फ्री व्हीपीएन' शोधायचं आणि सगळ्यात वर दिसेल ते उतरवून घ्यायचं. या घाईची मला खरोखर काळजी वाटते, कारण चुकीचं व्हीपीएन असण्यापेक्षा ते नसलेलं पुष्कळ बरं.

कुणापासून काय लपवायचंय, हेच न ठरवणं

व्हीपीएन तुमच्या फोनमधून निघणारी माहिती कुलूपबंद करून आधी स्वतःच्या सर्व्हरवर नेतं आणि तिथून ती वेबसाइटकडे जाते. त्यामुळे तुम्ही कोणत्या साइटवर आहात हे जिओ, एअरटेल किंवा जीटीपीएलला दिसत नाही, आणि साइटला तुमच्या आयपी पत्त्याऐवजी (इंटरनेटवर तुमची जोडणी ज्यावरून ओळखली जाते तो क्रमांक) व्हीपीएन कंपनीचा पत्ता दिसतो. पण कालपर्यंत जे इंटरनेट देणाऱ्या कंपनीला दिसत होतं, ते आजपासून व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं. विश्वास कुणावर तरी टाकावाच लागतो. म्हणून वेग, किंमत, देशांची संख्या हे सगळं नंतर बघायचं. आधी बघायचं ते ही कंपनी कुणाची आहे आणि ती पोट कशावर भरते.

व्हीपीएन काय करत नाही, हेही स्वच्छ सांगायला हवं. तुम्ही गुगलच्या खात्यात लॉगिन केलेलं असेल तर गुगलला तुम्ही कोण ते माहीतच असतं. फोनचं जीपीएस व्हीपीएनने बदलत नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल (स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी फाइल) उघडली, किंवा 'डिजिटल अरेस्ट'वाल्याच्या सांगण्यावरून पैसे पाठवले, तर जगातलं सर्वांत महागडं व्हीपीएनही वाचवू शकत नाही. तिथे लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करणं आणि बँकेला कळवणं हाच उपाय. बँकेची साइट आणि ॲप आधीपासूनच एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, असतात, त्यामुळे फतेगंजच्या होस्टेलमधल्या किंवा अलकापुरीच्या कॅफेतल्या वाय-फायवर तुमचा पासवर्ड हवेतून कुणी वाचत बसलेला नसतो. तिथे दिसू शकतं ते एवढंच की तुम्ही कोणत्या साइटला गेलात. तेवढंही दिसू नये असं वाटणं योग्यच आहे, पण निर्णय भीतीपोटी नको.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ऑफिसने लॅपटॉपवर दिलेलं व्हीपीएन कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरण्यासाठी असतं. त्यावर खासगी ब्राउझिंग केलं तर ते ऑफिसला दिसू शकतं.

फुकट आहे म्हणून टाकणं

सर्व्हर आणि बँडविड्थ यांना रोज पैसे लागतात. ते तुम्ही देत नसाल तर दुसरं कुणीतरी देतंय, आणि त्या बदल्यात त्याला काय मिळतंय हे विचारलं पाहिजे. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी घेतली. तिचं 'ओनावो प्रोटेक्ट' हे ॲप लोकांनी सुरक्षा म्हणून घेतलं, आणि फेसबुक त्यातून लोक कोणती ॲप्स किती वापरतात ते बघत होतं. ॲपलने २०१८ मध्ये ते काढायला लावलं, २०१९ मध्ये ते गुगलच्या स्टोअरमधूनही गेलं.

त्याहून गंभीर प्रकार मे २०२४ मध्ये उघड झाला. अमेरिकेच्या न्याय खात्याने '९११ एस५' नावाचं जाळं मोडलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशी फुकट व्हीपीएन ज्यांनी आपल्या विंडोज कॉम्प्युटरवर टाकली, त्यांचे आयपी पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. असे १.९ कोटी पत्ते त्यात होते. म्हणजे घोटाळा करणारा भलतीकडे, आणि तपासात पुढे येणार तो तुमच्या घरचा पत्ता. निवृत्त माणसाच्या दारात पोलिस उभे राहिले तर त्याने काय सिद्ध करायचं?

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप्स तपासली होती. १८ टक्के ॲप्स माहिती एन्क्रिप्टच करत नव्हती आणि ३८ टक्के ॲप्समध्ये व्हायरस किंवा तत्सम काही असल्याच्या खुणा सापडल्या. तपासणी जुनी आहे, पण फुकटचा धंदा कसा चालतो ते त्यातून नीट कळतं.

सगळी फुकट व्हीपीएन वाईट असतात असं मात्र नाही. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनचं मोफत व्हीपीएन पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर चालतं. त्यात डेटाची मर्यादा नाही आणि जाहिराती नाहीत. एका वेळी एकच डिव्हाइस चालतं आणि देश आपल्याला निवडता येत नाही. स्टेशनवर किंवा हॉटेलात वाय-फाय वापरण्यापुरतं हवं असेल तर एवढं पुरतं. अशा माणसाने वर्षाचे पैसे भरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक सांभाळा. जानेवारी २०२५ मध्ये भारतातल्या ॲपल आणि गुगलच्या स्टोअरमधून क्लाउडफ्लेअरच्या ॲपसह काही व्हीपीएन ॲप्स काढली गेली. नेहमीचं ॲप सापडलं नाही की लोक मिळत्याजुळत्या नावाचं दुसरंच उतरवतात, नाहीतर टेलिग्रामवरून एपीके घेतात. तसं करू नका. टेलिग्रामवर 'प्रीमियम अकाउंट स्वस्तात' म्हणून जे विकतात तेही टाळा. ती बहुतेक दुसऱ्या कुणाची तरी चोरलेली खाती असतात.

'नो लॉग' हे दोन शब्द पुरेसे मानणं

आम्ही तुमची कसलीही नोंद ठेवत नाही, असं जवळपास प्रत्येक कंपनी लिहिते. हाँगकाँगच्या यूएफओ व्हीपीएननेही तेच लिहिलं होतं. २०२० मध्ये तिचा डेटाबेस इंटरनेटवर उघडा सापडला आणि त्यात ग्राहकांचे पासवर्ड, आयपी पत्ते सगळं होतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका छळाच्या प्रकरणात प्युअरव्हीपीएनच्या नोंदी तपास यंत्रणेच्या कामी आल्या, तेव्हाही कंपनीचा दावा नोंदी न ठेवण्याचाच होता. गुन्हेगार सापडला हे चांगलंच झालं, पण दावा आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर त्यातून कळलं.

उलट बाजूचं उदाहरण स्वीडनच्या मुलवाडचं. एप्रिल २०२३ मध्ये पोलिस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या योटेबोरीच्या ऑफिसात गेले आणि ग्राहकांची माहिती न मिळताच परतले, कारण ती तिथे नव्हतीच. मुलवाड खातं उघडताना ईमेलसुद्धा मागत नाही, फक्त एक क्रमांक देतं. निवड करताना मी अशा घटनेला जाहिरातीपेक्षा कितीतरी जास्त वजन देईन. बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासणी केली आहे का, तिचा अहवाल वाचायला मिळतो का, ॲपचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, सगळ्यांना बघायला उघडा आहे का, हे प्रश्न त्यानंतरचे.

आपल्या देशाचा नियमही माहीत हवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी पत्ते आणि वापराचं कारण पाच वर्षं जपून ठेवायचं आहे. ऑफिसांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड आणि प्रोटॉन यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही, पण ॲपमध्ये तुम्ही 'इंडिया' निवडता तेव्हा सर्व्हर बरेचदा सिंगापूरला असतो आणि पत्ता तेवढा भारतीय दिसतो. कॅनडातल्या लेकीला मालिका अडखळत दिसतात त्याचं कारण पुष्कळदा हेच, आणि काही स्ट्रीमिंग सेवा असे पत्ते ओळखून अडवतातही. तिच्या देशात ती सेवा अधिकृतपणे मिळते का हे आधी पाहिलं तर कदाचित व्हीपीएन लागणारच नाही.

'टॉप टेन' याद्यांवर निवड करणं

या याद्यांतल्या लिंकवरून तुम्ही खरेदी केली की लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं. काही ठिकाणी तर परीक्षण करणारा आणि विकणारा एकाच मालकाचे असतात. केप टेक्नॉलॉजीजकडे एक्सप्रेसव्हीपीएन, सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आहेत; व्हीपीएन-मेंटॉर ही परीक्षणांची साइट चालवणारी कंपनीही तिने २०२१ मध्ये घेतली. नॉर्ड आणि सर्फशार्क २०२२ पासून एका छत्राखाली आहेत. यादीत पाच नावं दिसली तरी मालक दोनच असू शकतात.

महिन्याचा आकडा बघून तीन वर्षांचे पैसे भरणं

पानावर महिन्याचा छोटासा आकडा ठळक असतो, पण कार्डावरून दोन-तीन वर्षांची पूर्ण रक्कम एकदम जाते. त्यावर १८ टक्के जीएसटी. रक्कम डॉलर किंवा युरोत असेल तर बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा, जो बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतो. शिवाय पहिली मुदत संपली की नूतनीकरणाचा दर कित्येकदा पहिल्यापेक्षा खूप चढा असतो, आणि तो बारीक अक्षरात लिहिलेला असतो. म्हणून दोन योजनांची तुलना करताना पहिल्या वर्षाची नव्हे, दुसऱ्या मुदतीची किंमत मांडा. मुलवाड २००९ पासून महिन्याला ५ युरोच घेतं. सवलत नाही आणि सापळाही नाही. ज्याला वर्षातून दोन-तीन महिनेच गरज आहे त्याला हे 'स्वस्त' तीन वर्षांच्या योजनेपेक्षा कमी पैशांत पडतं.

'लाइफटाइम' योजना घेऊच नका. व्हीपीएनसिक्युअर ही सेवा नव्या मालकाकडे गेली आणि २०२५ मध्ये जुन्या ग्राहकांची आजीवन खाती बंद करण्यात आली.

आधी एक महिना घ्या. रात्री नऊ ते अकरा या वेळेत, जेव्हा अख्ख्या सोसायटीचं ब्रॉडबँड ओढलं जातं, तेव्हा वापरून बघा आणि मगच लांबची मुदत घ्या. पैसे भरताना व्यवहार नाकारला गेला तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमामुळे नव्या कार्डांवर ते बंदच येतात. बँकेच्या ॲपमधून सुरू करा, आणि काम झालं की पुन्हा बंद करा.

दुबईच्या मुलाला सरसकट 'व्हीपीएन टाक' सांगणं

हे आईवडिलांनी मायेपोटी सांगितलेलं असतं, पण धोका मुलाला होतो. अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल अडवलेले आहेत. तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलणाऱ्याला कैद आणि ५ लाख ते २० लाख दिऱ्हॅम दंड, किंवा दोन्हींपैकी एक शिक्षा आहे. घरी बोलण्यासाठी ही जोखीम कशाला घ्यायची? बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप्स तिथे चालतात. तेच ॲप इथे आईच्या फोनमध्ये टाकून द्या.

घेतल्यावर येणाऱ्या अडचणी

जोडल्यावर सगळ्यात आधी गळती तपासा, म्हणजे काही माहिती व्हीपीएनला वगळून जातेय का ते बघा. ब्राउझरमध्ये 'डीएनएस लीक टेस्ट' शोधा आणि तपासणी चालवा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी सेवा). व्हीपीएन सुरू असूनही निकालात जिओ, एअरटेल किंवा जीटीपीएलचं नाव दिसलं तर माहिती व्हीपीएनच्या बाहेरून जातेय. जिओवर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) सर्रास वापरलं जातं, आणि व्हीपीएन ते हाताळत नसेल तर तुमचा खरा पत्ता तिथूनच दिसतो. ॲपच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ गळती रोखण्याचा पर्याय असतो. तो नसेल तर ते ॲपच बदला. गुगल किंवा क्लाउडफ्लेअरचं नाव दिसलं तर आधी फोनमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' आणि क्रोममधलं 'सिक्युअर डीएनएस' बघा; ते तुम्हीच कधीतरी लावलेलं असू शकतं.

बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उघडत नसेल तर घाबरू नका. परदेशी पत्ता दिसल्यामुळे ते थांबतं. व्हीपीएनच्या सेटिंगमधल्या 'स्प्लिट टनेलिंग' या पर्यायात ते ॲप व्हीपीएनच्या बाहेर ठेवा. त्यानंतरही अजिबात नेट मिळत नसेल तर अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमधलं 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन' सुरू असेल. ते सुरू असताना बाहेर ठेवलेल्या ॲपलाही नेट मिळत नाही. काही बँका व्हीपीएन दिसलं तरी अडवतात, तिथे दोन मिनिटं बंद करून व्यवहार उरकणं बरं.

वडोदरा स्टेशनवर रेलवायर या वाय-फायचं लॉगिनचं पान उघडत नाही, ओटीपी टाकायची चौकट येत नाही, याचं कारणही बहुधा व्हीपीएनच. व्हीपीएन आणि किल स्विच (व्हीपीएन तुटलं की नेटच अडवणारी सोय) दोन्ही बंद करा, लॉगिन करा, मग लगेच चालू करा.

वेग पडला तर ॲपमध्ये प्रोटोकॉल (जोडणीची पद्धत) 'वायरगार्ड' निवडा आणि अमेरिकेऐवजी सिंगापूरचा सर्व्हर घ्या. पीपीटीपी दिसलं तर ते वापरू नका, ते फार जुनं आणि कमकुवत आहे. शाओमी, रिअलमी, विवोच्या फोनवर व्हीपीएन आपोआप तुटत असेल तर त्या ॲपसाठी बॅटरीची बंधनं काढा. गुगल सारखं 'तुम्ही रोबो आहात का' विचारत असेल तर तोच पत्ता शेकडो लोक वापरत असतात. सर्व्हर बदलला की थांबतं.

एवढं करूनही जमलं नाही तर परतावा मागा. बऱ्याच कंपन्या ३० दिवसांची मुदत देतात, पण ती त्यांच्या वेबसाइटवरून घेतलेल्या योजनेला लागू असते. प्ले स्टोअर किंवा ॲपलमधून घेतली असेल तर परतावा त्या स्टोअरच्या नियमांनी मिळतो, आणि गुगलकडे मागायला पहिले ४८ तास सोयीचे. नुसतं ॲप काढून वर्गणी थांबत नाही. ती खात्यात जाऊन रद्द करा, आणि यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत तिचं नाव उरलंय का ते पाहा.