पार्सल फुटून आलं? भरपाई अशी मागा

मिरजेहून दुरुस्त होऊन आलेला आत्याचा तानपुरा बेळगावात आमच्या दारात पोचला तेव्हा खोक्याचा एक कोपरा आत गेला होता. पार्सल आणणारा मुलगा घाईत. "सही करा की काकू, अजून तीस पार्सलं हायत." सही केली, पण सहीच्या वर पेनाने एक ओळ लिहिली: 'खोक्याचा कोपरा दबलेला, आतली वस्तू पाहिलेली नाही.' तो थोडा कुरकुरला. मी त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला आणि मगच खोका आत घेतला. उघडून पाहते तर भोपळ्याला वीतभर चीर.

पुढे सव्वादोन महिने जो पत्रव्यवहार झाला त्यात त्या ओळीने मला सगळ्यात जास्त साथ दिली. नडला तो मिरजेत बुकिंग करताना पावतीवर पडलेला एक आकडा. त्याच्याकडे येतेच.

आधी ठरवा, भांडण कुणाशी

ऑनलाइन मागवलेली वस्तू फुटून आली तर कुरियरवाल्याशी हुज्जत घालू नका. तुमचा व्यवहार विक्रेत्याशी आहे, कुरियर त्याने नेमलेलं आहे. ॲपवर त्याच दिवशी तक्रार नोंदवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची असते. असं पार्सल बाहेरूनच चेपलेलं दिसलं तर सरळ परत पाठवा.

आपली स्वतःची वस्तू असेल तर मात्र परत पाठवू नका. ती गोदामात पडून राहील आणि पुरावाही तिच्याबरोबर जाईल. शेरा मारून ताब्यात घ्या. या लेखात पुढे जे आहे ते मुख्यतः अशा वस्तूंसाठी.

पोस्टाचं गणित वेगळं आणि तुटपुंजं आहे. देशांतर्गत स्पीड पोस्टने पाठवलेली वस्तू हरवली किंवा खराब झाली तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. किमती वस्तू असेल तर पाठवतानाच विमा उतरवलेला बरा.

आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात पन्नासाची नोट ठेवून 'निपाणीच्या स्टँडवर भाचा येईल' म्हणून धाडलेलं पार्सल? पावती नाही, म्हणजे दावाही नाही. मीसुद्धा पाठवते, पण चिवड्याच्या पलीकडे काही नाही.

दारात आणि घरात

ओटीपी सांगण्याआधी खोका चारी बाजूंनी, वरून आणि खालून बघा. लेबलवरचा नंबर वाचता येईल असा एक फोटो घ्या. खोका ओला आहे, फाटला आहे, टेप दुसऱ्यांदा लावलेली दिसते आहे, जे असेल ते कागदावर लिहा. 'माल सुस्थितीत मिळाला' असं छापलेलं असेल तर ते खोडून सही करा. नुसता ओटीपी मागितला आणि कागदच नसेल तर पार्सल आणणाऱ्याच्या समोरच फोटो काढा आणि तो तिथे उभा असतानाच कंपनीला मेल टाका. मेलवर वेळ आपोआप पडते.

उघडताना व्हिडिओ करा, मध्ये न थांबवता. आधी लेबल, मग टेप कापताना, मग आतलं. एक जण कापतो, एक जण धरतो. मी एकटीच होते म्हणून फोन बरणीला टेकवून ठेवला. व्हिडिओत अर्धा वेळ लोणच्याची बरणीच दिसते, तरी चालला.

खोका, पेंढा, थर्माकोल काही टाकू नका. 'पॅकिंगच कच्चं होतं' हे कंपनीचं ठरलेलं उत्तर, आणि त्याला दाखवायला तुमच्याकडे पॅकिंगच उरलेलं नसतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असा की अंगणात ठेवलेला खोका चार दिवसांत लगदा होतो. माळ्यावर ठेवा. वस्तू दुरुस्तीलाही लगेच टाकू नका. सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, बघून जाईपर्यंत, निदान कंपनी 'बघायची गरज नाही' असं लेखी कळवेपर्यंत थांबा.

पावतीवरचा आकडा

आता तो आकडा. कारागीर पार्सल घेऊन बुकिंगच्या काउंटरवर गेला. भाडं ६५० रुपये झालं. मालाची किंमत या चौकटीत काउंटरवरच्या माणसाने, न विचारता, ५०० टाकले. सगळेच टाकतात. तानपुरा आजच्या भावाने १८,००० च्या खाली नाही.

२००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यात कुरियर कंपन्याही येतात. त्यातला हिशेब असा: जास्त जोखमीचा दर भरलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, पण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. म्हणजे १८,००० लिहिले असते तर आमची मर्यादा ६,५०० झाली असती. थोडा जादा दर भरला असता तर पुरी किंमत मागता आली असती. ५०० लिहिल्यामुळे सगळा खेळ ५०० वर आला.

म्हणून बुकिंगच्या वेळी तीन गोष्टी: खरी किंमत लिहायला लावा, 'ओनर्स रिस्क' असा शिक्का असेल तर तो मालकाच्या जोखमीचा आहे हे ओळखून विमा किंवा कंपनीच्या जोखमीचा दर मागा, आणि बिल्टीचा, म्हणजे बुकिंगच्या पावतीचा, पुढून-मागून फोटो घ्या. मागची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. तक्रार किती दिवसांत करायची ते बहुधा तिथेच छापलेलं असतं, कधी ७ दिवस, कधी त्याहून कमी.

या बारीक अक्षरांना किती किंमत? पाठवणाऱ्याची सही असेल तर बरीच. १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवलं: सही केलेल्या पावतीवर १०० डॉलरची मर्यादा होती, तेवढीच भरपाई. पण आमच्या बिल्टीवर पाठवणाऱ्याच्या सहीची जागा कोरी होती. मिरजेहून फोटो मागवला तेव्हा हे दिसलं, आणि मला जरा हुरूप आला.

पहिलं पत्र

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, मेल करा. फोनवर 'हो हो, बघतो मॅडम' ऐकून गप्प बसू नका. फोन केलाच तर तक्रार क्रमांक घ्या आणि तो मेलमध्ये लिहा. मजकूर एवढाच पुरे (डॉकेट क्रमांक म्हणजे पावतीवरचा पार्सलचा नंबर):

'डॉकेट क्रमांक अमुक. अमुक तारखेला मिरजेहून बुक, अमुक तारखेला बेळगावात मिळालं. पार्सल आणणाऱ्यासमोर पावतीवर नुकसानीचा शेरा लिहिला आहे. उघडल्यावर तानपुऱ्याच्या भोपळ्याला चीर आढळली. फोटो व व्हिडिओ जोडले आहेत. दुरुस्तीचा अंदाज आठवड्यात पाठवते. दुरुस्तीचा खर्च आणि ६५० रुपये भाडं परत मिळावं. पॅकिंग जपून ठेवलं आहे, सर्व्हेअर पाठवायचा असल्यास तारीख कळवा.'

राग, शाप, 'तुम्हाला कोर्टात खेचते' काही नको. हे पत्र उद्या तिसराच माणूस वाचणार आहे हे धरून लिहा.

भाषेचं काय? कंपनीला इंग्रजीत लिहा. स्थानिक शाखेला कन्नडमध्ये प्रत दिली तर काम हलतं, हा अनुभव आहे. सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे, पण खासगी कंपनीला ते लागू नाही. मराठी पावत्या आणि दुरुस्तीचे कागद इंग्रजी किंवा कन्नड भाषांतरासह जोडा. भाषेचा लढा आपण लढतोच आहोत, तो भोपळ्याच्या चिरेवर नको.

दुरुस्तीचा अंदाज लेटरहेडवर किंवा निदान शिक्क्यासह घ्या. काय तुटलं, काय बदलावं लागेल, किती रुपये, असं वेगवेगळं. आमच्या कारागिराने आधी 'भोपळा काम ३८००' एवढंच लिहिलं होतं. परत पाठवलं, तेव्हा भोपळा, जवारी (घोडी घासून आवाज खुलवण्याचं काम) आणि पॉलिश वेगवेगळं आलं. जवारी मी दाव्यातून काढली. ती तशीही करायची होती. फुगवलेला दावा एका ओळीवर पकडला गेला की बाकीच्या खऱ्या ओळीही संशयात जातात. उरले ३,१०० आणि भाडं.

उत्तर आलं नाही, किंवा ५०० आले

आम्हाला १९ व्या दिवशी ५०० रुपयांचा देकार आला. इथे बहुतेक जण सोडून देतात.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीत बोलता येतं. ८८००००१९१५ वर व्हॉट्सॲपही आहे. हेल्पलाइन हुकूम देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. कधी तेवढ्यानेच कंपनीला जाग येते.

त्याबरोबर लेखी नोटीस द्या, पोचपावतीसह, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि स्थानिक शाखेला. वकील लागतोच असं नाही. इथे एक तारीख काटेकोर पाळा: रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम १६ प्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत गेली पाहिजे. पार्सल मिळाल्यापासून नाही, बुकिंगपासून. मी नोटिशीत १५ दिवसांची मुदत दिली आणि दोनच मुद्दे मांडले: ५०० चा आकडा तुमच्या माणसाने टाकला, आणि अटींखाली पाठवणाऱ्याची सही नाही.

त्यानंतरचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. बुकिंग मिरजेत, कंपनीचं ऑफिस आणखी कुठे, तरी २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच. बिल्टीवर 'फक्त अमुक शहराच्या न्यायकक्षेत' असं छापलेलं असलं तरी त्याने घाबरू नका. पार्सल दुसऱ्याने बुक केलं असलं तरी ज्याच्यासाठी केलं तोही ग्राहकच. मी तरी कारागिराकडून संमतीचं पत्र घेऊन ठेवलं. सेवेसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो. जिल्हा शोधताना 'बेळगावी' पाहा. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर तेच नाव आहे.

शहापूरचे साडीवाले, निपाणीचे चपलांचे कारागीर यांना एक सांगायचं: व्यापारासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेला धंदा बसतो. तक्रारीत ते स्पष्ट लिहा, नाहीतर पहिला आक्षेप तोच येईल.

आमचं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. नोटीस पोचल्याच्या अकराव्या दिवशी फोन आला आणि ३,००० वर तोडगा निघाला. त्यांनी पाठवलेल्या व्हाउचरवर 'फुल अँड फायनल' होतं. त्यावर सही केली की पुढे काही मागता येत नाही, म्हणून रक्कम, डॉकेट नंबर, तारीख नीट वाचून, पैसे खात्यात जमा झाल्यावरच मी ते परत धाडलं.

तानपुरा पुन्हा मिरजेला गेला. या खेपेला रेल्वेने, भाच्याच्या मांडीवर.