पोर्टेबिलिटी लायब्ररीचा स्कोप ठरवताना या चुका टाळा

इंदूरच्या राजेंद्रनगरात आम्ही चौघं दर रविवारी पोहे-जिलेबी आटोपून एका टेबलाभोवती बसतो. सी भाषेत फाइली हाताळणारी एक ओपन सोर्स लायब्ररी आम्ही सांभाळतो. ती पोर्टेबिलिटी लायब्ररी आहे, म्हणजे तिच्या आधाराने लिहिलेला प्रोग्राम लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालावा यासाठी ती आहे. तिच्या रीडमीतलं, म्हणजे ओळख करून देणाऱ्या फाइलीतलं, पहिलं वाक्य तिचा स्कोप सांगतं: लायब्ररी काय करेल आणि काय नाही. ते सुधारण्यात आमचे कितीतरी रविवार गेले, आणि ते कारणी लागले असं मला मनापासून वाटतं.

ते वाक्य होतं, 'लिनक्सचा कोड सगळीकडे जसाच्या तसा चालेल.' हीच आमची सगळ्यात महाग पडलेली चूक.

'जसाच्या तसा' असं कबूल करणं

फाइल जपून सेव्ह करायची युनिक्सवरची जुनी रीत अशी: आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, मग मूळ नावावर रिनेम करायचं. लिनक्सवर जुनीच्या जागी नवी एका झटक्यात येते. वाचणाऱ्याला जुनी तरी दिसते किंवा नवी तरी. विंडोजवर मात्र सीचं तेच फंक्शन, त्या नावाची फाइल आधीच असेल तर, एरर देतं. आम्ही तोडगा काढला: आधी जुनी पुसायची, मग रिनेम.

सियागंजातल्या एका दुकानाचा हिशेबाचा प्रोग्राम आमच्या लायब्ररीवर चालायचा. जुनी फाइल पुसली गेली, नवीचं नाव बदलायचं बाकी होतं आणि नेमकी वीज गेली. सकाळी हिशेब जागेवर नाही! तात्पुरती फाइल डिस्कवर सापडली म्हणून निभावलं. दोन ओळींचा कोड चुकला हे खरं, पण तो लिहायला भाग पाडलं त्या वाक्याने. सगळं जसंच्या तसं चालायलाच हवं, म्हणून आम्ही रिनेम कसंही करून पार पाडलं.

आता विंडोजवर तिथलंच मूव्हफाइलएक्स हे फंक्शन वापरतो, असलेली फाइल बदलण्याचा फ्लॅग देऊन. दुसऱ्या प्रोग्रामने ती धरून ठेवली असेल तर तेही अडतं, आणि ते आम्ही लपवत नाही. स्कोपमध्ये लिहिलंय: 'जुनी फाइल आम्ही आधी पुसणार नाही. बदल जमला नाही तर एरर मिळेल.' फंक्शनांच्या नावांची यादी पुरत नाही, प्रत्येकाची वागणूक अशी शब्दांत लिहा.

जे एखाद्या सिस्टीमवर मुळातच नाही, त्याची नक्कलही करू नका. चालू प्रोग्रामची हुबेहूब दुसरी प्रत सुरू करणारं युनिक्सचं फोर्क हे फंक्शन विन३२मध्ये, म्हणजे विंडोजच्या मूळ फंक्शनांमध्ये, नाही. युनिक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवू देणारं सिगविन त्याची नक्कल करतं, पण ती संथ चालते. लिबयूव्ही या दुसऱ्या पोर्टेबिलिटी लायब्ररीने त्या वाटेला न जाता नवा प्रोग्राम सुरू करण्याचं वेगळं फंक्शन दिलं. मला हेच पटतं.

'ऱ'च्या मागे धावणं

आमच्यातल्या एकीने जुन्या मॅकवर 'दुसऱ्या तिमाहीचा हिशेब' नावाची फाइल केली. ती उघडत होती, पण फोल्डरची यादी काढून नाव जुळवलं तर जुळेना. जुन्या मॅकची फाइल सिस्टीम, एचएफएस प्लस, नाव साठवताना अक्षरं फोडते. 'ऱ'चे होतात दोन कोड, र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब). डोळ्यांना फरक दिसत नाही, बाइट मात्र वेगळे. लिनक्स दिलेले बाइट तसेच ठेवतं.

आपल्याच भाषेचा प्रश्न, म्हणून युनिकोडची (अक्षरांना कोड देणाऱ्या जागतिक पद्धतीची) सगळी जुळवाजुळव लायब्ररीत आणायचा मोह आम्हाला खूप झाला. पण त्यासाठीची कोष्टकं युनिकोडच्या नव्या आवृत्त्यांबरोबर सांभाळावी लागतात. ते काम आयसीयू ही युनिकोडसाठीची लायब्ररी चांगलं करते. आम्ही नाव सिस्टीम देईल तसंच परत करतो, आणि हे 'ऱ'चंच उदाहरण देऊन लिहून ठेवलंय.

'यात काय नाही' हे न लिहिणं

एका मुलाने दोन आठवडे खपून नेटवर्कचा कोड पाठवला. कोड चांगला होता, तरी नाकारावा लागला. नेटवर्क आमच्या कामात नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे चूक पूर्णपणे आमची. त्याच रात्री 'यात नाही' असा भाग लिहिला: नेटवर्क, थ्रेड, युनिकोडची जुळवाजुळव. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण.

आणि जिथे टेस्ट नेमाने चालत नाहीत, तो प्लॅटफॉर्म सपोर्टच्या यादीत घालू नका. एकदा कंपाइल झालं म्हणून आम्ही फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या वळणाची सिस्टीम घातली होती, ती काढली. टेस्टचं मशीन सांभाळायला कुणी पुढे आलं की परत घालू.