कानात पाणी साचलंय, मग अँटिबायोटिक का नाही?

टीव्हीचा आवाज रोज दोन घरं वर जायला लागला, तेव्हा आम्हाला वाटलं लेक कार्टूनच्या नादी लागलीय. पाठीमागून हाक मारली तर ढिम्म. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "लक्ष नसतं हो तिचं." एका दवाखान्यात लागोपाठ दोनदा अँटिबायोटिक मिळालं. कान होता तसाच, जुलाब मात्र चार दिवस.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी कानाला रबरी टोक लावून टिंपॅनोमेट्री केली. दुखत नाही, मिनिटभरात उरकते. पडदा नीट हलला तर कागदावर डोंगर उमटतो. आमचा कागद म्हणजे नुसतं माळरान! नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी लहानपणी आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती सुजली की पडद्यामागे पाणी साचतं. अँटिबायोटिकने काही मुलांचं पाणी लवकर ओसरतं, पण त्यामुळे ऐकू जास्त येतं असं दिसलेलं नाही. उलट जुलाब, उलट्या, पुरळ. म्हणून बाई म्हणाल्या, तीन महिने थांबा. पाणी बहुतेक वेळा आपणच जातं.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवायचे नाहीत. बोलताना समोर बसा, टीव्ही बंद करा, शाळेत पुढचा बाक मागून घ्या. घरात विडी-सिगारेट नको. कोमट तेल कानात अजिबात नको. यावर सासूबाईंशी माझं वाजलं, पण पाणी पडद्याच्या आत, तेल बाहेर, पोचणार कसं? चार वर्षांपुढच्या मुलांना नाकाने फुगवायचा खास फुगा मिळतो, तो डॉक्टरांना विचारून.

कान ठणकतोय, ताप आहे, पू येतोय, तर तो वेगळा आजार. त्याच दिवशी दाखवा. तिथे अँटिबायोटिक लागू शकतं, आणि दिलं तर सांगितलेले दिवस पूर्ण करा. पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, हलवा, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत. माप बाटलीसोबतच्या कपाने, घरच्या चमच्याने नाही. उरलेलं औषध पुढच्या सर्दीला जपून ठेवू नका.

तीन महिन्यांनंतरही पाणी असेल तर ऐकण्याची तपासणी करतात, आणि गरज पडली तर पडद्यात ग्रॉमेट नावाची बारीक नळी बसवतात. बोलणं मागे पडलेलं मूल असेल तर तीन महिने मोजत बसू नका.

परवाच्या कागदावर डाव्या कानाची छोटी टेकडी उमटली. उजवा अजून माळरानच.