फ्लॅट भाड्यानं देताय? करार नोंदवूनच द्या

पाथर्डी फाट्यावरचा आमचा टू बीएचके मी भाड्यानं देते. "काकू, नोटरी केली की झालं," असं एजंट सांगतोच. ऐकू नका. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 : करार लेखी हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य!

खर्च किती? भाडं 16,000, म्हणजे वर्षाचे 1,92,000. परत द्यायच्या 80,000 डिपॉझिटवर दहा टक्के धरून 8,000. एकूण दोन लाख. पाव टक्का मुद्रांक शुल्क 500. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. ही नोंदणी ऑनलाइनही होते. आधार आणि अंगठा लागतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांनाही कळवा.