नोकरी धरण्याआधी यार्डात चक्कर मारा
कळंबोलीत नव्यानं ट्रकवर लागताय? पगाराचा आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका. आधी शेठच्या यार्डात उभ्या गाड्यांचे मागचे टायर बघा. नक्षी पुसून गुळगुळीत झाली असेल, तर तिथूनच मागे फिरा. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की फिटनेस, इन्शुरन्सची मुदत कळते. मग टपरीवर त्यांच्याच जुन्या ड्रायव्हरला चहा पाजा. भत्ता ट्रिपआधी हातात पडतो का? न्हावा शेवा बंदराच्या रांगेत रात्र गेली तर तिचे पैसे मिळतात का? ओव्हरलोडचा दंड कोणाच्या पगारातून कापतात? कायद्यात तो 20,000 रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. आणि ओरिजिनल लायसन्स ठेवून घेणाऱ्या शेठकडे तर थांबूच नका.