घरातले पहिले पदवीधर असाल, तर ट्रेनीशिपचे जादा 250 युरो सोडू नका

जर्मनीत एमएस्सीला आलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना इरास्मस प्लस हे नाव माहीत असतं. दुसऱ्या देशात शिकायला किंवा ट्रेनीशिपला, म्हणजे कंपनीत प्रत्यक्ष काम करत शिकायला, जाण्यासाठी पैसे देणारी ही युरोपियन युनियनची योजना. पण ही योजना युरोपियन पासपोर्टवाल्यांची, आपल्याला काय मिळणार, असं धरून बहुतेक जण तिकडं फिरकतही नाहीत. नियम पासपोर्ट बघत नाही. योजनेत असलेल्या देशातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पटावर तुमचं नाव आहे का, एवढंच बघतो. असेल, तर बीडचा पोरगा आणि बर्लिनची पोरगी एकाच रांगेत.

मी माजलगाव तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे, मी आजीजवळ राहून शिकलो. सिव्हिल इंजिनिअरिंग छत्रपती संभाजीनगरला झालं, पुढं जर्मनीत पाणी व्यवस्थापनात मास्टर्स. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून हाच विषय डोक्यात होता. पदवी झाल्याबरोबर नेदरलँड्समध्ये पाण्याच्या पाइपांमधली गळती शोधणाऱ्या एका कंपनीत ट्रेनीशिप केली. ती परवडली कशी, हे गावाकडचे ज्युनिअर सारखे विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं. दर महिन्याची मूळ रक्कम तुम्ही कुठल्या देशात जाता त्यावर ठरते. राहणीमानाच्या खर्चानुसार देशांचे तीन गट केलेत: डेन्मार्क, स्वीडन, आयर्लंड महागाच्या गटात, पोलंड, हंगेरी, रोमानिया स्वस्ताच्या. त्यावर ट्रेनीशिपला जाणाऱ्यांना महिना 150 युरो जास्त. आणि ज्यांना आयुष्यात संधी कमी मिळाल्या, अशा विद्यार्थ्यांना त्याहून वेगळे महिना 250. म्हणजे मूळ रकमेवर 400 युरो. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा काढताना तुम्ही ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) महिन्याला 992 युरोंच्या हिशेबानं पैसे दाखवलेत ना? त्याच्याशी ताडून बघा, म्हणजे 400 ची किंमत कळेल. शिवाय कंपनी काही मानधन देत असेल तर तेही घेता येतं.

आता त्या 250 युरोंचं, कारण आपली पोरं नेमकी इथंच अडतात. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ही आपली फाइल तिथं उघडतसुद्धा नाहीत. कुणाला कमी संधीतला मानायचं, हे त्या त्या देशाची राष्ट्रीय संस्था ठरवते. जर्मनीत ते काम डीएएडीकडं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचं काम बघणाऱ्या जर्मन संस्थेकडं आहे. त्यांच्या यादीत अपंगत्व किंवा दीर्घ आजार असलेले, मूल सोबत नेणारे आणि नोकरी करून शिकणारे विद्यार्थी आहेत. आणखी एक गट आहे, तो जणू आपल्यासाठीच लिहिलाय: ज्यांच्या आईवडिलांपैकी कुणाकडंच पदवी नाही. जर्मनीत कुशल कारागिराला मिळणारं माइस्टर प्रमाणपत्रही इथं पदवी धरत नाहीत. मराठवाड्यातून येणाऱ्या किती जणांच्या घरात आईवडील पदवीधर असतात, ते तुम्हीच मोजा. एकापेक्षा जास्त गटांत बसलात तरी रक्कम एकदाच मिळते.

पुरावा काय? तर सहीनिशी प्रतिज्ञापत्र. मी घरी फोन करून विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "आमचं अडाणीपण कागदावर कशाला लिहून देतूस?" आईचा शाळेचा दाखला जोडावा का, असा विचार मीही केला होता; पण जी शाळेत गेलीच नाही तिचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणणार! पुढं तपासणी होऊ शकते, म्हणून खोटं लिहू नये. खरं लिहायला मात्र लाजू नये. माझ्या ओळखीत हा रकाना मुद्दाम कोरा सोडणारे आहेत. सोबतच्या जर्मन मुलांना कळेल, म्हणे. ऑफिसातल्या माणसाशिवाय कुणालाही काही कळत नाही, आणि तो रोज असे कागद बघतो.

सगळ्यात मोठा खड्डा तारखांचा. पदवीनंतर ट्रेनीशिप करता येते, पण विद्यापीठानं तुमची निवड तुम्ही शेवटच्या वर्षात, पटावर असतानाच केलेली पाहिजे. निकाल लागला, नाव कमी झालं आणि मग अर्ज घेऊन गेलात तर दार बंद. ट्रेनीशिप पदवीनंतर 12 महिन्यांच्या आत संपवायची. मुक्काम कमीत कमी 2 महिने. एका टप्प्यात, म्हणजे मास्टर्समध्ये, सगळं मिळून जास्तीत जास्त 12 महिने. त्याच टप्प्यात आधी इरास्मसवर एखादं सेमिस्टर दुसऱ्या देशात केलं असेल तर ते महिने यातूनच वजा होतात. म्हणून प्रबंध सुरू व्हायच्या आधीच कंपन्यांना मेल पाठवायला लागा. लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे ट्रेनीशिपमध्ये काय काम करायचं आणि काय शिकायचं याच्या करारावर, तुमची, विद्यापीठाची आणि कंपनीची अशा तीन सह्या लागतात, आणि कंपनीच्या सहीला वेळ लागतो.

पैसे एकदम मिळत नाहीत. मुकादमाच्या उचलीसारखा मोठा हिस्सा सुरुवातीला येतो, उरलेला शेवटी अहवाल आणि कंपनीचं प्रमाणपत्र दिल्यावर. मधेच सोडून आलात तर न राहिलेल्या दिवसांचे पैसे परत मागतात. उचल मिळायच्या आधी तिकीट आणि खोलीचं डिपॉझिट यांची सोय तुमची तुम्हालाच करावी लागते. नेदरलँड्समध्ये खोली मिळणं फार अवघड, त्यामुळं फसवणारेही भरपूर. खोली किंवा मालक पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका.

व्हिसाबद्दल थोडं थांबून वाचा. जर्मनीच्या रेसिडेन्स परमिटवर (राहण्याच्या परवान्यावर) शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपातल्या देशांत, 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. ते फिरण्यापुरतं. ट्रेनीशिपसाठी त्या देशाची वेगळी परवानगी लागू शकते, आणि ते कंपनीशी बोलून आधीच पक्कं करायचं. युरोपियन युनियनच्या 2016 च्या निर्देशात प्रशिक्षणार्थींची वेगळी सोय आहे. शिकत असलेले किंवा पदवी मिळून दोन वर्षं न झालेले त्यात बसतात. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशाबाहेर आहेत, तिथले नियम वेगळे. दुसरी गोष्ट, जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर जर्मन परमिट रद्द होतं. तितकं राहायचं असेल तर निघण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी मुदत वाढवून घ्या. पदवीनंतर जर्मनीत नोकरी शोधायला मिळणारा 18 महिन्यांचा परवाना ज्यांना वापरायचाय, त्यांनी तर हे विसरूच नये. आणि विद्यापीठातून नाव कमी झालं की विद्यार्थी दराचा आरोग्यविमा संपतो. आरोग्य, अपघात आणि नुकसानभरपाई (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर) असे तिन्ही विमे आधी बघून ठेवा.

या सगळ्यात एजंटाला कुठंही जागा नाही. अर्ज तुमच्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात होतो. संभाजीनगरला आणि लातूरला 'इरास्मस इंटर्नशिप मिळवून देतो' म्हणून पैसे घेणारे भेटले, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

अजून नांदेडला किंवा परभणीलाच शिकताय, तर गोष्ट वेगळी. तिथून थेट इरास्मसवर जायला तुमच्या विद्यापीठाचा युरोपातल्या एखाद्या विद्यापीठाशी तसा करार असावा लागतो. आधी ते विचारा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती या मास्टर्स किंवा पीएचडीसाठी आहेत, सुट्या ट्रेनीशिपसाठी नाहीत. पण त्यातली एखादी मिळवून युरोपातल्या विद्यापीठात पोचलात, तर पहिल्याच सेमिस्टरमध्ये इरास्मस समन्वयकाला मेल करा. त्यात तीनच प्रश्न: पदवीनंतरच्या ट्रेनीशिपसाठी निवडीची शेवटची तारीख कोणती, पदवी नसलेल्या आईवडिलांच्या मुलांना जादा रक्कम मिळते का, आणि माझ्या शिष्यवृत्तीसोबत ती घेता येईल का. उत्तर लेखी आलं की जपून ठेवा.