दोन इंच लिफ्ट केलेल्या पिकअपला टायर आणि रिमचे माप कसे ठरवायचे

गाडी उंच करणारे लिफ्ट किट बसले की चाकाच्या वर चार बोटे मोकळी जागा दिसते आणि लगेच ३३ इंची टायरची चौकशी सुरू होते. पण ती जागा गाडी उभी असतानाची आहे. घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर पुढचे चाक खड्ड्यात आदळले की सस्पेन्शन बम्प स्टॉपपर्यंत (दबण्याची हद्द ठरवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) दबते, आणि बहुतेक दोन इंची किटमध्ये बम्प स्टॉप कंपनीने दिला तिथेच राहतो. म्हणजे पूर्ण दबलेले चाक बॉडीच्या जितके जवळ पूर्वी जायचे तितकेच आताही जाते. लिफ्टने बॉडी आणि चेसिस वर जाते, अप्रोच अँगल (पुढचा बंपर न टेकता चढता येणारा कोन) सुधारतो, टायर घासण्याचे प्रसंग कमी होतात. मोठ्या टायरला हक्काची जागा मात्र त्यातून मिळत नाही. म्हणून माप काढताना कायम दबलेले आणि वळवलेले चाक डोळ्यासमोर ठेवायचे.

आधी कागदावर हिशेब करा. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी (मिमी), दुसरा टक्केवारी आणि ‘आर’ पुढचा रिमचा व्यास (इंच). रुंदी गुणिले टक्केवारी म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची. तिची दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिळवा (इंच गुणिले २५.४). इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉसचा २५५/६० आर१८ घेतला तर १५३ अधिक १५३ अधिक ४५७.२, एकूण ७६३ मिमी, म्हणजे ३० इंच. टोयोटा हायलक्सचा २६५/६० आर१८ येतो ७७५ मिमी. आता पुढची मापे बघा. २६५/६५ आर१८ आणि २६५/७० आर१७ हे दोन्ही साधारण ८०२ ते ८०३ मिमी, म्हणजे साडेएकतीस इंच. २८५/७० आर१७ जातो ८३१ मिमीवर, म्हणजे जवळजवळ ३३ इंच.

आमचे मत स्पष्ट आहे. रोज ठाणे-बेलापूर रोड, शनिवार-रविवारी माळशेज किंवा मुरबाडकडचे कच्चे रस्ते, असा वापर असेल तर साडेएकतीस इंचावर थांबा. व्ही-क्रॉसवर ७६३ वरून ८०२ ला गेल्यावर अ‍ॅक्सलखालची जागा फरकाच्या निम्मी, म्हणजे १९ मिमी वाढते. चाक एका फेऱ्यात पाच टक्के जास्त अंतर जाते. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ ला असेल. अटल सेतूवर १०० ची मर्यादा आणि कॅमेरे आहेत, तिथे हा फरक अंगाशी येतो. कंपनीचा काटा मुळात थोडे जास्त दाखवतो, त्यामुळे जीपीएसवर ताडून खरा फरक टिपून ठेवा. ओडोमीटरही तेवढेच कमी मोजते. मायलेज काढताना किलोमीटरना १.०५ ने गुणा, नाहीतर मोठ्या टायरने डिझेल फारच खाल्ले असे उगाच वाटेल. ३३ इंचाला फरक जवळजवळ नऊ टक्के होतो. गिअरिंग तेवढे लांबते, भरलेली गाडी घाटात तिसऱ्यावर ओढत नाही, ब्रेकवर भार वाढतो, आणि लायनर (चाकाच्या पोकळीतले अस्तर) व बंपरचे प्लॅस्टिक कापावे लागते. काही गाड्यांत बॉडी माउंटपर्यंत (बॉडी चेसिसला जोडणाऱ्या आधारापर्यंत) कापाकापी जाते. रोजच्या गाडीला ती करू नका.

रिमचा व्यास वाढवण्याचा मोह टाळा. बाहेरचा व्यास तोच ठेवून २० इंची रिम घातली की साइडवॉल आखडते. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला खड्डा किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकची कड लागली की टायरला फुगा येतो नाहीतर रिमला चीर जाते. १७ इंची रिमवरचा जाड साइडवॉल हा मार मुकाट्याने सोसतो. १८ वरून १७ ला उतरणार असाल तर आधी पुढच्या डिस्क ब्रेकच्या कॅलिपरवरून (पॅड दाबणाऱ्या भागावरून) रिम मोकळी फिरते का ते हाताने फिरवून बघा.

सर्वात जास्त चुका होतात त्या ऑफसेटमध्ये. रिमच्या मधल्या रेषेपासून हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक नटांनी बसते त्यावर) टेकणारी बाजू किती बाहेर आहे, ते ईटी आकड्यात लिहिलेले असते. समजा मूळ रिम साडेसात इंच रुंद आणि ईटी ३३ आहे. तिच्या जागी आठ इंची ईटी २० लावली तर बाहेरची कड १९ मिमी बाहेर येते आणि आत साडेसहा मिमी जागा जास्त मिळते. २६५ रुंदीच्या टायरला हे बरोबर जुळते. तीच आठ इंची रिम ईटी ० ची घेतली तर बाहेरची कड ३९ मिमी बाहेर जाते. दिसायला रुबाबदार, पण स्टीअरिंग वळवल्यावर चाक मोठ्या वर्तुळात फिरते आणि ईटी २० वर न घासणारा तोच टायर लायनरच्या मागच्या बाजूला आणि मडफ्लॅपला घासू लागतो. व्हील बेअरिंगवर ताण येतो, खड्ड्यात स्टीअरिंग हातातून ओढले जाते, आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर सगळा चिखल दारांवर उडवतो. स्पेसर लावून ईटी कमी केला तरी परिणाम तोच.

दोन्ही गाड्यांचा पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीतला व्यास) ६ गुणिले १३९.७ आहे, म्हणून दुकानात ‘सगळ्यांना बसते’ असे सांगतात. मधले भोक मात्र वेगळे आहे. हायलक्सचे १०६.१ मिमी, डी-मॅक्सचे १००.१ मिमी. हायलक्सची रिम डी-मॅक्सवर चढते, पण चहूबाजूंनी तीन मिमी मोकळी राहते. सेंटरिंग रिंग टाकली नाही तर चाक नेमके मध्यावर बसत नाही, आणि बॅलन्सिंग चोख असूनही ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरते. उलट डी-मॅक्सची रिम हायलक्सच्या हबवर चढतच नाही. नटही तपासा. टोयोटाच्या कंपनी अलॉयला सपाट वॉशरचा नट असतो, बाहेरच्या अलॉयला बहुधा ६० अंशांच्या शंकूचा लागतो. चुकीचा नट कितीही आवळा, तो पूर्ण टेकत नाही आणि चाक सैल पडते.

टायरवरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो, ११६ म्हणजे १,२५० किलो. मागे पाटे असलेल्या, माल वाहणाऱ्या गाडीत यात तडजोड चालत नाही. एलटी (हलक्या ट्रकसाठीचा) टायर घेतला तर तेवढ्याच वजनाला त्याला हवा जास्त लागते, दारावरच्या स्टिकरचा आकडा जसाच्या तसा वापरू नका. टायरभर खडूची आडवी रेघ मारा आणि सरळ रस्त्यावर थोडी गाडी चालवा. मधली रेघ आधी पुसली तर हवा जास्त, कडा आधी पुसल्या तर कमी. आयएसआय खूण आणि डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आणि एमटी (चिखलासाठीचा) नको, एटी (सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठीचा) घ्या. ओल्या काँक्रीटवर एमटीचे मोठे, कमी चिरांचे ठोकळे धड पकडत नाहीत. आपल्याकडे चार महिने रस्ता ओलाच असतो.

कायद्याची बाजू खरेदीच्या आधी समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले आहे. कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आपल्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिअंटला कंपनी जे माप देते (हायलक्सला २६५/६५ आर१७ हे तसे आहे), ते घेणे सर्वात सुरक्षित. त्यापलीकडे जायचे असेल तर विमा कंपनीला लेखी विचारा आणि ठाण्याच्या किंवा वाशीच्या आरटीओत चौकशी करून मगच पैसे मोजा.

आता बसवून बघायची वेळ. चार टायर विकत घेण्याआधी दुकानदाराकडून एकच टायर रिमवर चढवून पुढच्या डाव्या बाजूला लावून बघा. पक्क्या, सपाट जागी पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक मजबूत रॅम्पवर चढवा, म्हणजे पुढचे डावे चाक वर दबेल. हँडब्रेक आणि उरलेल्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय कोणी खाली वाकायचे नाही. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि चार ठिकाणी बघा: चाकामागचे लायनर, बॉडी माउंट, आतला अप्पर आर्म (चाकाला वरून धरणारा सस्पेन्शनचा दांडा), पुढचा बंपर. आतल्या बाजूला निदान एक बोट जागा हवीच, कारण रस्त्यावर चालताना साइडवॉल फुगते आणि चिखल चिकटतो. मग टायरच्या खांद्यावर खडू फासून मोकळ्या मैदानात फुल लॉक करून पुढे-मागे हळू चालवा. खडू जिथे उमटेल तिथे घासते. रिव्हर्स विसरू नका, अनेकदा तेव्हाच घासते. मग चाक बदलून उजव्या बाजूलाही हीच तपासणी करा.

पुढचे चाक मागच्या बाजूला हलके घासत असेल तर कापायच्या आधी अलाइनमेंट करा. लिफ्टने पुढचा कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि चाक किंचित मागे सरकते. लोअर आर्मच्या कॅम बोल्टने (जागा मागे-पुढे करणाऱ्या बोल्टने) ते पुढे ढकलले की कॅस्टर परत येतो आणि मागे काही मिलिमीटर जागाही मिळते. कॅम संपले तरी कॅस्टर भरत नसेल तर अप्पर कंट्रोल आर्म बदलावे लागतात, तो खर्च आधीच धरून ठेवा. हेडलाइटची दिशाही त्याच दिवशी खाली घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड पडतो.

पाचवा टायर त्याच मापाचा घ्या आणि तो मागच्या ट्रेखालच्या (माल ठेवायच्या हौद्याखालच्या) जागेत बसतो का ते आधी मोजा. लहान स्पेअर लावून फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा मोड) टाकले तर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि ट्रान्स्फर केसवर (दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. मूळ जॅक आता कमी उंच पडेल. जास्त उंचीचा जॅक घ्या, खाली जाड फळी ठेवा, जॅकच्या डोक्यावर ठोकळा कधीच ठेवू नका. सोसायटीत स्टॅक पार्किंग असेल तर त्यावरच्या पाटीतली उंची आणि वजन वाचा: लिफ्टचे ५० आणि टायरचे १९ मिळून गाडी ७० मिमी उंच झालेली असते.

नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने, एकमेकांसमोरच्या क्रमाने आवळा. न्यूमॅटिक गनने शेवटची आवळणी करू देऊ नका. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा, आणि नव्या स्प्रिंग बसल्या की, म्हणजे साधारण हजार किमीला, अलाइनमेंट आणि खडूची तपासणी दोन्ही पुन्हा करा.